जेट कामिकाझे ड्रोन: वेग खरा, बाकीचे दावे तपासून घ्या

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: रशियाने शाहेद या लक्ष्यावर आदळून फुटणाऱ्या (कामिकाझे) ड्रोनला जेट इंजिन बसवले, आता कोणतेही एअर डिफेन्स ते अडवू शकत नाही; वेगामुळे स्फोटही कितीतरी मोठा होतो; क्रूझ क्षेपणास्त्राचे काम किरकोळ पैशात होते; म्हणून प्रोपेलरचे ड्रोन भंगारात गेले आणि भारताने नागास्त्र या छोट्या ड्रोनसारखी 'खेळणी' सोडून फक्त जेट ड्रोन बनवावेत. यातला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीच्यांचे तेवढेही नशीब नाही.

हे ड्रोन म्हणजे इराणचा शाहेद-238. नोव्हेंबर 2023 मध्ये तो तेहरानच्या प्रदर्शनात मांडला गेला. रशियन अवताराचे नाव गेरान-3. युक्रेनच्या लष्करी गुप्तचर विभागाच्या मते त्याचा वेग ताशी 300 ते 370 किमी, वॉरहेड (स्फोटकांचा भाग) 50 किलोचे आणि पल्ला हजार किमीपर्यंत. पिस्टन इंजिन आणि प्रोपेलरचा गेरान-2, म्हणजे जुन्या शाहेदचा रशियन अवतार, ताशी 180-185 किमीने जातो.

'अडवताच येत नाही' हे कशावरून? युक्रेनच्या बचावाचा सगळ्यात स्वस्त थर म्हणजे पिकअप गाडीवर मशीनगन लावून रात्रभर फिरणाऱ्या तुकड्या. तोफ किंवा मशीनगन चारी बाजूंना दोन किमीपर्यंत मारा करू शकते असे धरले, तर गेरान-2 तिच्या टप्प्यात जास्तीत जास्त 80 सेकंद राहतो, गेरान-3 पूर्ण वेगात असेल तर जेमतेम 40. बहुतेक हेलिकॉप्टरना तो मागून गाठता येत नाही. मागच्या सीटवर बंदूकधारी बसवून शाहेद पाडणारी याक-52 सारखी जुनी प्रशिक्षण विमानेही मागे पडतात. म्हणजे स्वस्त थर निसटतो आणि महागडे क्षेपणास्त्र खर्च करावे लागते. जेट बसवण्यामागचा खरा हेतू हाच असावा, आणि तो मुळीच क्षुल्लक नाही.

पण स्वस्त थर निसटला म्हणजे सगळे संरक्षण संपले असे होत नाही. रशियाची केएच-101 क्रूझ क्षेपणास्त्रे ताशी 700 किमीहून जास्त वेगाने येतात आणि तीही युक्रेन पाडत आला आहे. शिवाय जेटचा झोत तापलेला असतो, त्यामुळे उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला तो सापडणे उलट सोपे. युक्रेनचे 'स्टिंग' हे इंटरसेप्टर ड्रोनही ताशी 300 किमीच्या पुढे गेले आहे. पाठलाग करून जेट गाठणे त्याला कठीण, पण वेळीच इशारा मिळाला तर समोरून आडवे जाता येते.

इतिहासही पाहा. जून 1944 पासून लंडनवर पडणारा जर्मन व्ही-1 हा जेट इंजिनाचा उडता बॉम्ब ताशी सुमारे 640 किमीने यायचा, वॉरहेड 850 किलोचे. ब्रिटिशांनी जुलैमध्ये विमानवेधी तोफा किनाऱ्यावर हलवल्या, जोडीला रडार आणि लक्ष्याजवळ जाताच फुटणारे गोळे आले, आणि ऑगस्टअखेर येणाऱ्यांपैकी बहुतेक पडू लागले. तोवर हजारो माणसे मेली होती, हेही खरे.

'वेगामुळे स्फोट मोठा': हा हिशेब शाळेतल्या सूत्राने होतो. चारशे किलोचे ड्रोन ताशी 370 किमीने आदळले, तर त्याची गतिज ऊर्जा जेमतेम अर्धा किलो टीएनटी स्फोटकाएवढी भरते. पोटात 50 किलोचे वॉरहेड असताना त्या अर्ध्या किलोचे काय कौतुक!

खरी गंमत किंमत आणि पल्ल्यात आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध साधारण चौपट होतो. प्रोपेलर भरपूर हवा हळू ढकलतो. छोटा टर्बोजेट, म्हणजे साधे जेट इंजिन, थोडी हवा प्रचंड वेगाने फेकतो. ड्रोन सेकंदाला शंभर मीटर जाते आणि झोत चार-पाचशे मीटर. एवढ्या तफावतीत झोताला दिलेल्या ऊर्जेचा फार तर चाळीस टक्के हिस्सा पुढे जाण्याच्या कामी येतो, बाकीची मागे हवेत उधळली जाते. प्रवासी विमान ताशी 850 किमीने उडते तेव्हा हे गणित जमते. गेरान-3 मात्र अधल्यामधल्या वेगात अडकला आहे. म्हणून गेरान-2 चा पल्ला दीड-दोन हजार किमी सांगितला जातो आणि जेटवाल्याचा हजारच. इंजिनही साधे नाही. गेरान-2 मध्ये जर्मन लिंबाख कंपनीच्या इंजिनाची नक्कल असलेले सुमारे 50 अश्वशक्तीचे पिस्टन इंजिन चालते. टर्बोजेटला तापमान सोसणारे धातू आणि अचूक घडलेली पाती लागतात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. शाहेदची ताकद संख्येत आहे: युक्रेनच्या हवाई दलानुसार 6-7 सप्टेंबर 2025 च्या रात्री 810 ड्रोन आले, त्यात फसवे ड्रोनही होते. सगळ्यांना जेट बसवले तर हा आकडा कसा टिकेल?

प्रोपेलर भंगारात गेला म्हणणाऱ्यांनी रशियाचे तेलशुद्धीकरण कारखाने आठवावेत. तिथे आगी लावण्यात युक्रेनच्या 'ल्युती'चा मोठा वाटा आहे, आणि ते प्रोपेलरचेच ड्रोन. इस्रायलचा हारोप हा कामिकाझे ड्रोनही प्रोपेलरवरच कित्येक तास घिरट्या घालत रडार सुरू होण्याची वाट पाहू शकतो. एवढा वेळ थांबण्याइतके इंधन छोट्या टर्बोजेटला परवडत नाही. उलट, हलत्या किंवा लगेच जागा बदलणाऱ्या लक्ष्यावर झटकन पोचायचे असेल, तर जेट हवेच. शाहेद-238 ची रडारचा माग काढणारी आवृत्तीही प्रदर्शनात होती, ती उगीच नव्हे.

राहिले नागास्त्र-1. नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हजने बनवलेले हे ड्रोन साधारण नऊ किलोचे, विजेवर चालणारे. 2024 मध्ये लष्कराला मिळू लागले. ते जवानाच्या पाठीवर जाते, पंधरा किमीवरचा बंकर किंवा मोर्चा शोधते, आणि लक्ष्य चुकीचे वाटले तर पॅराशूटने परत उतरते. गेरान-3 शहरावर किंवा वीजकेंद्रावर सोडायचे हत्यार आहे; पायदळाच्या तुकडीला पुढच्या टेकडीवरची मशीनगन गप्प करायची असते. त्या तुकडीच्या हाती जेट ड्रोन देऊन काय साधणार, हे मेसेज लिहिणाऱ्यानेच सांगावे.