दीड तासाचं नागपूर

विमानाला उशीर झाला याचं मला काही नाही. (आहे. येतो त्यावर.) परवा नाशिकजवळच्या ओझरच्या विमानतळावर मला छळलं ते रांगेतल्या एका काकांनी.

माझा गुन्हा एवढाच की साडूला फोनवर जरा ऐटीत म्हणालो, "दीड तासात नागपूर!"

मागून आवाज आला, "कुठून मोजताय?"

"काय?"

"दीड तास हो. घराच्या दारापासून, की पंखा फिरायला लागल्यापासून?"

काकांनी खिशातून औषधाचं बिल काढलं, उलटं केलं, पेन उघडलं. "राहता कुठे?"

"इंदिरानगर."

"म्हणजे द्वारका चौकातली कोंडी आलीच. घर ते ओझर एक तास लिहितो. कमीच लिहितोय, तुमच्या बाजूने. इथे दोन तास आधी बोलावलं. झाले तीन. तुमचे ते दीड. साडेचार. तिकडे सोनेगावला बॅग यायला वीस मिनिटं. जायचं कुठे?"

"कामठी."

"कामठी!" रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखे ते गप्प झाले. "शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आणखी तास. म्हणजे सहाच्या घरात. हवाई अंतर साडेपाचशे किलोमीटर. भागा."

मी भागलं नाही. त्यांनी भागलं. "ताशी नव्वद. समृद्धीवर गाडीला एकशेवीसची परवानगी आहे."

"पण रस्ता लांबचा पडतो ना!"

"रस्ता इगतपुरीहून ६२५ किलोमीटर. पण मोकळा. आणि विदर्भ एक्स्प्रेस? रात्री नाशिकरोडला आडवं व्हायचं, सकाळी नागपूर. झोप हिशोबात धरत नाहीत."

"मग तुम्ही विमानाने का निघालात?"

"जावयाने तिकीट काढलंय."

आजूबाजूचे चारजण हसले. एक बाई तर पोराला म्हणाली, "ऐक, गणित असं करतात."

राग काकांचा नव्हताच खरं तर. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, इथे मिगचा कारखाना आला. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारी विमानं या ओझरने जोडली, पुढे सुखोईही जोडली. आणि आम्हा नाशिककरांना पुण्याला जायचं, तर हवेतून जेमतेम १७० किलोमीटर, रस्त्याने २१०, त्यात नारायणगाव, मंचर, चाकण. २०१७ च्या डिसेंबरात उडान योजनेत पुण्याचं एक छोटं विमान सुरू झालं होतं, तेही पुढे बंद पडलं. रेल्वेमार्गाचं तर बोलूच नका. भाषणांतून तो मार्ग इतक्यांदा धावलाय की एव्हाना रूळ झिजले असते.

तेवढ्यात घोषणा झाली. आमचं विमान दोन तास उशिराने येणार.

काका खुश! "थांबा, दुरुस्ती करतो."

आता मात्र माझा पारा चढला. एक मिनिट उशिरा आलो असतो तर याच काउंटरवरच्या मुलीने हसत हसत मला घरी पाठवलं असतं. कारण, "नियम आहे सर." त्यांना दोन तास उशीर झाला तर नियम नाही, 'तांत्रिक कारण' आहे. माझं द्वारकेला अडकणं काय अध्यात्मिक कारण होतं?

स्पीकर म्हणाला, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

काकांनी पेन वर धरलं. "याची किती मिनिटं वजा करू?"