‘म्यानमारचं आपल्याला काय’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी जसाच्या तसा फॉरवर्ड केलाय. त्यात म्हटलंय की म्यानमारचं लष्कर तिथल्या निदर्शकांना काय करतं तो त्यांचा घरचा मामला, आपल्या खासदारांनी संसदेत निषेध करायचं कारण नाही, केला तर उडीद-तूर यायची बंद होईल, चीनचं फावेल, आणि ठराव करून होतं तरी काय. मला हे पटत नाही, का ते सांगतो.

आधी डाळीचं घेऊ, कारण आपल्याकडे लोक यालाच घाबरतात आणि ते साहजिक आहे. जळगावच्या दालमिलांवर किती घरं चालतात हे आपल्याला माहितीय, आणि बाहेरून येणारा बहुतेक उडीद म्यानमारचाच असतो. पण तारखा बघा ना. 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, लोक रस्त्यावर आले, गोळीबार सुरू झाला. 10 मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शांततेने निदर्शनं करणाऱ्यांवरच्या हिंसेचा कडक शब्दांत निषेध केला, तेव्हा भारत त्या परिषदेचा सदस्य होता आणि असं निवेदन सगळ्या सदस्यांच्या संमतीशिवाय निघतच नाही. आणि जूनमध्ये, म्हणजे तीनच महिन्यांनी, त्याच म्यानमारशी आपला करार झाला, वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, पाच वर्षांसाठी. निषेधात सहभागी होऊनही डाळ बंद झाली नाही भाऊ. त्यांनाही माल विकायचाय, आणि एवढा उडीद घेणारं दुसरं मोठं गिऱ्हाईक त्यांच्याकडे नाही.

चीनचं उत्तरही यातच आलं. 10 मार्चच्या त्या निवेदनाला चीननेही संमती दिली होती. चीनने मान्य केलेल्या वाक्याइतकंही आपल्या लोकसभेने बोलू नये, असं म्हणायचंय का आपल्याला?

‘घरचा मामला’ हे तर अजिबात टिकत नाही. म्यानमारशी आपली 1643 किलोमीटरची सीमा आहे. गोळीबार सुरू झाल्यावर म्यानमारमधले चिन जमातीचे लोक जीव वाचवायला मिझोराममध्ये आले, मिझो आणि चिन एकमेकांचे नातलगच, म्हणून केंद्राने घुसखोरी रोखा म्हटल्यावर तिथले तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं की या लोकांना आसरा द्या. त्यांच्या गोळीबाराने आपल्या एका राज्याच्या गावागावात माणसं येऊन राहतात आणि आपण म्हणायचं आपले काय करनं शे?

‘दुसऱ्या देशावर बोलणं ही आपली पद्धत नाही’ असंही एक वाक्य आहे त्या मेसेजमध्ये. हे खान्देशातल्या माणसाने तरी लिहू नये. 1936 च्या डिसेंबरमध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, आणि अध्यक्ष नेहरू तिथे स्पेनमधल्या युद्धावर आणि फॅसिझमवर बोलले, तेव्हा तर आपला देशसुद्धा स्वतंत्र नव्हता. पुढे 2003 मध्ये इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध लोकसभेने एकमताने ठराव केला. त्याने अमेरिकेशी संबंध तुटले नाहीत.

आता राहिलं सगळ्यात मोठं, ठरावाने काय होतं. खरं सांगायचं तर ठरावाने गोळी थांबत नाही. 27 मार्च 2021 ला म्यानमारमध्ये लष्कर दिनाची परेड चालू होती आणि त्याच दिवशी शंभरावर माणसं मारली गेली, सुरक्षा परिषदेचं निवेदन होऊन तेव्हा अडीच आठवडे झाले होते. त्या परेडला आपला लष्करी प्रतिनिधी हजर होता, हे मला आजही बोचतं. पण म्हणून ठराव फुकट जातो असं नाही. 25 मार्च 1971 च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली, आणि सहाच दिवसांत, 31 मार्चला, आपल्या संसदेने एकमताने ठराव केला, इंदिरा गांधींनी स्वतः मांडलेला, की पूर्व बंगालच्या लोकांच्या लढ्याला भारतातल्या जनतेची मनापासून सहानुभूती आणि पाठिंबा राहील. युद्ध डिसेंबरात झालं. मधले आठ महिने लाखो निर्वासितांना सांभाळताना, जगभर बाजू मांडताना सरकारच्या मागे तो ठराव होता. अमेरिकेतही 1986 मध्ये अध्यक्ष रेगनचा व्हेटो म्हणजे नकाराधिकार झुगारून तिथल्या संसदेने वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवर निर्बंधांचा कायदा केला. परराष्ट्र खात्याला उद्या त्याच जनरल लोकांशी सीमेचं, बंडखोरांचं बोलायचं असतं, त्यांची जीभ अडखळते हे मी समजू शकतो, म्हणून तर बोलायचं काम खासदारांचं, ते लोकांचे प्रतिनिधी आहेत, कुठल्या वाटाघाटीत बसलेले नाहीत.

‘आपल्याकडे काय कमी गोळीबार होतात, मग कोणत्या तोंडाने बोलायचं’ या मुद्द्याला वजन आहे, तो मी टाळणार नाही. पण त्याचा अर्थ गप्प बसा असा कसा होतो? दोन्हीकडे बोला. बाहेरच्या निःशस्त्र माणसावरची गोळी चूक असं संसदेने एकदा लिहून दिलं की उद्या आपल्याच पोलिसांनी मोर्चावर गोळी चालवली तर तोच कागद आपल्याला पुढे करता येतो. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती मिरवणुकीत गोळ्या लागून गेले, शिरीषकुमार 15 वर्षांचा होता. त्या चौकात आपण दरवर्षी हार घालतो. तेव्हा जगातल्या कुणी हा इंग्रजांचा घरचा मामला म्हटलं असतं तर आपल्याला चाललं असतं का?

खान्देशातून लोकसभेत चार खासदार जातात, जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. मंत्री नसलेल्या खासदारालाही शुक्रवारी अशासकीय ठराव मांडता येतो, त्याला सरकारची परवानगी लागत नाही. ठरावात चार गोष्टी पुरेत: निदर्शकांवरच्या गोळीबाराचा लष्कराचं नाव घेऊन निषेध, कैदेत टाकलेल्या लोकप्रतिनिधींची सुटका, मिझोराममध्ये आलेल्यांना परत न ढकलण्याची हमी, आणि लष्कराच्या परेडला आपला माणूस पुन्हा जाणार नाही हे शब्द.