यागोला बढती मिळाली असती तर?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नाटक हाताशी ठेवून लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत आभार मानून मोकळं होणं मला जमणार नाही. टिळक रस्त्यावरच्या आमच्या अभिवाचनाला तुम्ही कोथरूडहून मुद्दाम आला होतात, हे वाचून खूप बरं वाटलं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'च्या पहिल्या अंकावरच्या लेखात मी यागोचा, म्हणजे व्हेनिसच्या कृष्णवर्णी सेनापती ऑथेल्लोला त्याच्या बायकोविरुद्ध, डेस्डिमोनाविरुद्ध, भडकवणाऱ्या त्याच्याच निशाणदाराचा, हेतू उगाच गूढ केला, असं तुमचं म्हणणं. हक्काची बढती हुकली म्हणून तो सूड घेतो, एवढंच. "नोकरीत डावललेला माणूस कुठल्या थराला जातो ते कचेरीत आयुष्य काढलेल्याला विचारा," असं तुम्ही लिहिलंत. दुसरं म्हणजे डेस्डिमोनाच्या बापावर, ब्रबान्शिओवर, मी अन्याय केला. मुलगी लग्न करायला रात्रीतून निघून गेली तर कुठलाही बाप आकांत करणारच. आणि तिसरं, व्हेनिसचा हा सगळा अंक गाळून नाटक सायप्रसपासून वाचलं असतं तरी काही बिघडलं नसतं.

बढतीपासून सुरुवात करू. यागोची तक्रार अगदी खरी वाटते, हे मला मान्यच आहे. शहरातल्या तीन बड्या माणसांनी त्याच्यासाठी शब्द टाकला होता, तरी ऑथेल्लोने लेफ्टनंट केलं ते फ्लॉरेन्सच्या कॅसिओला. ज्याने कधी रणांगणावर तुकडी उभी केली नाही अशा पुस्तकी माणसाला! आता बढती सेवाज्येष्ठतेने मिळत नाही, चिठ्ठीने आणि मर्जीने मिळते, असं तो म्हणतो. हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही कचेरीत दुपारचे डबे उघडल्यावर आजही ऐकू येईल. पण हे तो कोणाला सांगतोय, ते बघा. समोर रॉड्रिगो आहे, डेस्डिमोनाच्या आशेवर यागोला पैसे पुरवणारा. नाटक सुरू होतं तेच रॉड्रिगोच्या कुरकुरीने: माझी थैली स्वतःची असल्यासारखी वापरलीस, आणि ऑथेल्लो-डेस्डिमोनाचं लग्न होतंय हे ठाऊक असून मला सांगितलं नाहीस. 'तू त्या माणसाचा द्वेष करतोस असं म्हणाला होतास ना?' असं तो विचारतो. म्हणजे यागोला त्या घटकेला आपला द्वेष सिद्ध करून दाखवायचा आहे, नाहीतर थैलीचं तोंड बंद होईल. बढतीची कैफियत येते ती या गरजेतून. आणि तिला दुसरा साक्षीदार नाही. कॅसिओला का निवडलं हे ऑथेल्लोच्या तोंडून नाटकभर कुठेही येत नाही. आपण ऐकतो ती एकट्या यागोची बाजू, तीही ज्याच्याकडून पैसे काढायचे आहेत त्याला सांगितलेली.

आता अंकाच्या शेवटी या. रॉड्रिगो जमीन विकायला निघून गेलाय आणि यागो रंगमंचावर एकटा आहे. बढती हेच शल्य असेल तर ते आता उसळून यायला हवं. येतं भलतंच. ऑथेल्लोने माझ्या बायकोशी संबंध ठेवले असं लोक म्हणतात. खरं की खोटं मला ठाऊक नाही, पण नुसता संशय आहे तरी मी खात्री असल्यासारखाच वागणार. कॅसिओच्या जागेचा उल्लेख येतो, पण तक्रार म्हणून येत नाही. त्याची जागाही मिळवावी आणि आपली मर्जीही मिरवावी, एका डावात दोन कामं, अशा बेताने येतो. दोन प्रवेशांत कारण बदललं. तेही अशा माणसाने बदललं, जो स्वतःच सांगतो की या कारणाची मला खात्री नाही.

शिवाय बढती त्याला मिळते. दुसऱ्या अंकात कॅसिओ बडतर्फ होतो. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो स्पष्ट शब्दांत यागोला लेफ्टनंट करतो. तुमच्या हिशेबाने इथे हिशेब चुकता व्हायला हवा होता. कचेरीतला डावललेला माणूस खुर्ची मिळाल्यावर बहुधा थांबतो, निदान श्वास घेतो. यागो थांबत नाही. त्याच प्रवेशात त्याने कॅसिओला मारायचं कबूल केलेलं असतं, आणि डेस्डिमोनाला जगू द्या असं साळसूदपणे म्हणत तिच्या मरणाचा विषयही त्यानेच काढलेला असतो.

शेक्सपियरने ही गोष्ट घेतली चिंतिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ साली छापलेल्या कथेवरून. तिथे यागोच्या जागी असलेल्या निशाणदाराचा हेतू लख्ख आहे: त्याचं डिस्डिमोनावर (तिथलं नाव असंच आहे) मन बसलेलं असतं, ती दाद देत नाही, म्हणून तो उलटतो. इतकं सरळ कारण आयतं हाती असताना नाटककाराने ते बाजूला सारलं. दुसऱ्या अंकात यागोच्या तोंडी 'माझंही तिच्यावर प्रेम आहे' असं एक ओझरतं वाक्य तेवढं उरलंय. एक पक्कं कारण काढून त्याने तीन-चार डळमळीत कारणं ठेवली, हे नजरचुकीने झालं असं मला वाटत नाही. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजने या दुष्टाव्याला हेतूच नाही असं म्हटलं होतं; मी तितकं टोक गाठत नाही. यागोला हेतू हवे असतात. समोर कोण आहे ते बघून तो ते काढतो, एकटा असतो तेव्हा स्वतःसाठीही काढतो.

ब्रबान्शिओबद्दल तुम्ही कळकळीने लिहिलंय, आणि बापाच्या दुःखाला मी कुठेही खोटं म्हटलेलं नाही. त्याच दुःखाने पुढे त्याचा जीव जातो, हे शेवटच्या अंकात कळतं. पण त्या रात्री काय घडतं ते सावकाश बघू. समजा, नारायण पेठेतल्या एखाद्या वाड्याखाली मध्यरात्री कोणीतरी 'चोर, चोर' म्हणून ओरडतंय. मालक झोपेतून उठून खिडकीत येतात. खालून आवाज येतो: घर सांभाळा, मुलगी सांभाळा, पैशाच्या थैल्या सांभाळा! मुलीची जागा घर आणि थैल्या यांच्या मधोमध. मग इथे लिहिता येऊ नयेत अशी जनावरांची चित्रं त्या आवाजातून येतात. कोण रे तू, असं ब्रबान्शिओ विचारतो तेव्हा रॉड्रिगो आपलं नाव सांगतो, यागो सांगत नाही. आणि घरात दिवे लागायच्या आत तो तिथून सटकतो, कारण ऑथेल्लोच्या विरुद्ध साक्षीला उभं राहणं त्याच्या नोकरीला परवडणारं नाही.

ब्रबान्शिओने अजून मुलीची खोली पाहिलेलीसुद्धा नाही, तेव्हाच तो म्हणतो की हे माझ्या स्वप्नासारखंच आहे, आणि मी हे आत्ताच मानू लागलोय. माझा सगळा लेख या एका ओळीवर उभा होता. हाच ब्रबान्शिओ ऑथेल्लोला वारंवार घरी बोलवायचा, त्याच्या लढायांच्या आणि प्रवासाच्या हकिकती कौतुकाने ऐकायचा. ऑथेल्लो पुढे व्हेनिसच्या राज्यसभेत हे सांगतो आणि ब्रबान्शिओ ते नाकारत नाही. पाहुणा म्हणून चालणारा माणूस जावई म्हणून चालत नाही, हे त्याच्या मनात आधीपासून होतं. यागोने ते फक्त अंधारातून मोठ्याने म्हटलं. रॉड्रिगोला तर त्याने आपल्या दाराशी फिरकायचं नाही अशी ताकीद दिलेली असते. त्याच रात्री, घटकाभरात, तो त्यालाच म्हणतो, 'त्यापेक्षा ती तुला दिली असती तर बरं झालं असतं!' बापाचा आकांत खराच, पण त्यात मुलीच्या सुखाची चौकशी एकदाही नाही. व्हेनिसचा प्रमुख असलेला ड्यूक मात्र ऑथेल्लोची हकिकत ऐकून म्हणतो, ही ऐकून माझी मुलगीसुद्धा भुलली असती. आणि डेस्डिमोना सगळ्या सभेसमोर बापाचे उपकार मानून सांगते की माझ्या आईने तिच्या वडिलांपेक्षा तुम्हाला वरचं स्थान दिलं, तेवढंच मी माझ्या नवऱ्याला देतेय. याहून सभ्य उत्तर कुठली मुलगी देईल?

तिसरा आक्षेप तुमचा एकट्याचा नाही. अठराव्या शतकातले इंग्रज समीक्षक डॉक्टर जॉन्सन यांनीही म्हटलं होतं की नाटक सायप्रसमध्ये सुरू झालं असतं तर रचनेत फारशी उणीव राहिली नसती. इटालियन संगीतकार व्हेर्दीच्या, याच गोष्टीवरच्या १८८७ च्या संगीतनाटकात व्हेनिसचा अंक नाहीच. तरीही मी तो गाळणार नाही, कारण खिडकीखालचा तो प्रवेश म्हणजे तिसऱ्या अंकाची रंगीत तालीम आहे. आधी प्रयोग बापावर, मग नवऱ्यावर. युक्ती तीच: पुरावा द्यायचा नाही, समोरच्याच्या मनात दबून असलेली भीती त्याला ऐकवायची, घाणेरडं चित्र डोळ्यांपुढे उभं करायचं आणि स्वतः अंधारात राहायचं. ऑथेल्लोकडे अशी भीती असणारच. सात वर्षांचा असल्यापासून तो छावण्यांत वाढला, गेले नऊ महिने काय तो या शहरात स्थिरावलाय. या बायकांच्या रीतीभाती त्याला काय ठाऊक, हे तिसऱ्या अंकात यागो त्याला मुद्दाम सुनावतो.

आणि पुढचं हत्यार पहिल्याच अंकात बाप त्याच्या हातात देऊन जातो. सभेतून निघताना ब्रबान्शिओ म्हणतो: लक्ष ठेव हिच्यावर, बापाला फसवलं, तुलाही फसवेल. ऑथेल्लो तिच्या निष्ठेवर प्राण पैजेला लावतो आणि पुढच्याच ओळीत तिला 'प्रामाणिक यागो'च्या हवाली करतो. तिसऱ्या अंकात यागो हेच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं परत करतो: तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलंच होतं. पहिला अंक गाळला तर हे नुसतं यागोचं टोचणं उरतं. अंक पाहिलेल्याला मात्र त्यात बापाचा आवाज ऐकू येतो, आणि ऑथेल्लोलाही तो ऐकू येतोय हे कळतं.

लांबी हा प्रेक्षकांचा खरा त्रास आहे, ते मी समजू शकते. पण १८६७ साली महादेवशास्त्री कोल्हटकरांनी हे नाटक मराठीत आणलं आणि १८९० मध्ये देवलांनी त्याचा 'झुंझारराव' केला. इतक्या जुन्या ओळखीच्या नाटकाला पुण्यात आणखी अर्धा तास नक्की मिळेल.

पुढच्या वाचनात पहिला अंक पूर्ण ठेवतोय. त्या अंकाच्या शेवटचं यागोचं स्वगत तुम्ही वाचावं अशी माझी विनंती आहे, आणि ते तुमच्या अर्थाने वाचा. बढती हुकलेल्या माणसाचा आवाज त्या ओळींत बसतो का, ते सगळ्यांसमोर ऐकायला मला मनापासून आवडेल. तारीख ठरली की इथेच कळवते.