दे रे हरी, पोतंभर बटाटे!

एक मजकूर पुन्हा फिरतोय, सोबत पोत्यातून धबाधबा बटाटे ओतण्याचा व्हिडिओ. सांगणं असं: बटाट्याची सालं पोत्यात टाका, वर पालापाचोळा आणि राख घाला, रोप वाढेल तसं पोतं भरत जा, आणि विसरून जा. पोतं जितकं उंच तितके बटाटे जास्त. ९० दिवसांत पोतं गच्च.

कमी कष्टांच्या बागकामाला माझा विरोध नाही. मी स्वतः वाफा खणत नाही. पण न खणणं वेगळं आणि न बघणं वेगळं.

आधी सालं. कोंब डोळ्यातून फुटतो, हे खरं. पण पानं उन्हात येऊन कामाला लागेपर्यंत तो कोंब बेण्यातल्या, म्हणजे लावलेल्या बटाट्यातल्या, पिठावर जगतो, आणि पातळ सालीत ते पीठ असतंच कुठे? फोड लावायची तर ४०-५० ग्रॅमची, एक-दोन डोळ्यांची, कापलेली बाजू दोन दिवस सुकवून. नुकताच काढलेला बटाटा तर काही आठवडे झोपलेलाच असतो, आणि विकतच्या काही बटाट्यांवर कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रियाही केलेली असते. कोंब आलेला बटाटा निवडा, की हा प्रश्नच मिटतो.

आता उंच पोत्याची गोष्ट. बटाटा हे मूळ नव्हे, खोड आहे. जमिनीखालच्या खोडाच्या पेरांतून पांढरे आडवे धुमारे निघतात आणि त्यांची टोकं फुगून बटाटे होतात. हे धुमारे मुख्यतः बेण्याच्या आसपास, खालच्या पेरांतून निघतात. नंतर वर तीन फूट माती चढवली म्हणून रोप मजल्यामजल्यावर बटाटे धरत नाही. उलट तुम्ही त्याची पानंच गाडत जाता. मी हे छातीएवढं पोतं भरून करून पाहिलंय. फाडलं तेव्हा सगळे बटाटे तळच्या दीड वितीत, आणि वर नुसती माती. ती सगळी मीच बादल्या भरभरून वर नेली होती. आणि याला म्हणे कमी कष्टाची पद्धत!

मग भर घालायचीच कशाला? उजेड अडवायला. उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो. तो हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, पण सोबत सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं, आणि ते उकडल्यानं जात नाही. एवढ्यासाठी वीतभर भर पुरते.

पालापाचोळ्याचं अर्धं खरं आहे, आणि तेच या मजकुरातलं सर्वांत कामाचं. तण कापलेल्या जमिनीवर बेणं ठेवायचं, वर २०-३० सेंटिमीटर वाळलं गवत. खणणं वाचतं, ओल टिकते, माती थंड राहते. मात्र मुळं खाली मातीतच जातात. नुसता पाला भरलेल्या पोत्यात त्यांनी जायचं कुठे? शिवाय गवत दबतं, तेव्हा दोन-तीनदा पुन्हा टाकावं लागतं. उंदीर आणि गोगलगाईंनाही ही जागा फार आवडते, तेही सांगून ठेवतो.

राखेबद्दल थोडक्यात: ती मातीची आम्लता कमी करते, आणि सालीवर खरबरीत खपल्या आणणाऱ्या रोगाला तेच हवं असतं.

राहिलं ‘विसरून जा’. पोतं जमिनीपेक्षा लवकर सुकतं. कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की बटाटे तडकतात, वेडेवाकडे होतात. उष्णता त्याहून वाईट. कंद धरायला १५ ते २० अंशांच्या आसपासची माती बरी; ३० च्या वर गेली की कंद धरणं जवळजवळ थांबतं. उन्हात तापलेल्या काळ्या पिशवीत रोप हिरवंगार दिसतं आणि खाली काहीच नसतं. नत्राचं खत जास्त झालं तरी पाल्याचाच थाट. पिशवी हलक्या रंगाची, तळाला भोकं पाडलेली, आणि मातीत बोट खुपसून बघायची सवय, एवढं पुरतं.

एका रोपाला १०-१५ लिटर माती मिळाली आणि सगळं जुळून आलं, तर अर्धा-एक किलो बटाटे येतात. व्हिडिओतल्या बटाट्यांना मातीचा कणही चिकटलेला नाही, ते एकदा थांबवून बघा. गवताखाली लावलेत तर आणखी एक मजा आहे: फुलं येऊन गेल्यावर गवत जरा बाजूला करायचं, हाताला लागतील ते दोन बटाटे काढून घ्यायचे आणि बाकीच्यांवर पुन्हा पांघरूण घालायचं.