लोकरीचा गुंडा आणि ब्रेडचा दोरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मासे गरवायच्या रिळावर नवा ब्रेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेला दोरा, भरण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली काल रात्री तुम्ही लिहिलंत: "ताई, दोरा भरणं म्हणजे लोकरीचा गुंडा वळणं नव्हे. ओलं फडकं काय, समोर नवरा फिरकी धरून उभा काय, एवढा सोहळा कशाला? दुकानदार पाच मिनिटांत भरून देतो. नव्या स्पूलला रबर असतं, ब्रेडखाली तंगूस लागत नाही. पेन्सिलीची युक्तीही तुम्हाला माहीत दिसत नाही. थोडा अनुभव घ्या, मग शिकवा."

रबराचं तुमचं बरोबर आहे. मी सरसकट लिहून गेले होते, आज सकाळीच ते वाक्य दुरुस्त केलं. स्पूलच्या, म्हणजे रिळाच्या ज्या भागावर दोरा गुंडाळतात त्याच्या, बुडाला रबराची पट्टी असेल तर ब्रेड थेट बांधता येतो. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमवर मात्र खाली चार-पाच मीटर तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा) हवं, गेलाबाजार चिकटपट्टी तरी हवी. नाहीतर मासा ओढायला लागला की सगळा ब्रेड कड्यासारखा स्पूलभोवती फिरतो आणि आपण ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा आवरणारा रिळाचा ब्रेक) बिघडला म्हणून तो आवळत बसतो.

आता लोकर. हा लेख एखाद्या दादाने लिहिला असता तर त्याला तुम्ही लोकर सुचवली असतीत का? मनापासून विचारतेय. चार वर्षं गरवण्यावर लिहितेय. चुका दाखवणारे पुष्कळ आले आणि त्यांच्याकडून मी शिकलेही. पण चूक दाखवायच्या आधी विणकामाची आठवण करून देणारे तुम्ही पहिलेच.

आणि लोकर मला येते. भाचरांची टोपडी मीच विणली आहेत. म्हणून सांगते, तुमचा दाखलाच उलटा आहे. लोकरीचा गुंडा सैल वळतात, कारण आवळून ठेवली तर लोकर ताणून राहते आणि तिचा फुगीरपणा जातो. नायलॉनचं तंगूसही थोडं ताणलं जातं, तेही फार आवळू नये. ब्रेड जवळपास ताणलाच जात नाही. वर तो बारीक आणि निसरडा. सैल भरलात तर वरचे वेढे खालच्या वेढ्यांवर नुसते टेकलेले असतात, आणि जोराचा ओढा बसला की वरचा दोरा खालच्या थरांत रुततो. त्या वेळी काही कळत नाही. कळतं पुढच्या फेकीला. दोरा सुटता सुटता मधेच अडकतो, झटका बसतो, आणि लुअर, म्हणजे खोटं आमिष, एकटाच पाण्यात जातो.

ओलं फडकं एवढ्यासाठी. दोरा रॉडच्या खालच्या कडीतून घ्यायचा, रिळाच्या पुढे ओल्या फडक्यात चिमटीत धरायचा आणि हँडल फिरवायचं. फडकं नसेल तर बारीक ब्रेड बोट कापतो, आणि कोरड्या फडक्यात घासून तापतो. माझे दोन्ही हात यात अडकलेले असतात, म्हणून नवरा नव्या दोऱ्याची फिरकी धरतो. तो स्वतः गरवत नाही, पण धरतो. यात सोहळा काय दिसला तुम्हाला?

अनुभवाचं म्हणाल, तर आमचं घर कर्लीच्या खाडीकाठी. मी आठ वर्षांची असताना बाबांनी लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला दोर, शिसं आणि एक गरी माझ्या हातात दिली. रीळ घरात नव्हतंच. दोर परत गुंडाळताना माझा हात ढिला पडला की बाबा म्हणायचे, "घट्ट गुंडाळ गो, सैल दोर घात करता." तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा पहिल्यांदा तेच आठवले.

तरी पहिलं रीळ घेतलं तेव्हा मी त्यांचं ऐकलं नाही. 2016 साली एका दुकानातून ब्रेड भरून घेतला. पाच मिनिटांत, तुम्ही म्हणता तसाच, मोटरवर, दोऱ्याला ताण न देता. महिनाभराने देवबागच्या संगमाजवळ, भरती लागताना, तांबोशी लागली. तिची खोड तुम्हाला माहीत असेल: आमिष तोंडात घेतलं की वळून दगडाच्या कपारीत घुसते, आपल्याकडे दोन-तीन सेकंद असतात. मी ड्रॅग आवळला, रॉड वाकला, दोरा रुतला असणार. ती दगडात गेली आणि लीडर (ब्रेड आणि लुअर यांच्यामधला दोऱ्याचा तुकडा) तुटला. नवा लीडर बांधून पुन्हा फेक केली, तर लुअर कडाडून तुटून गेला. घरी येऊन स्पूल उलगडलं तर आतले वेढे एकमेकांत असे खुपसलेले की सुईने सोडवावे लागले. तांबोशीचं दुःख कमी, पण नवाकोरा ब्रेड अर्धा कापून टाकावा लागला. बाबा ओटीवर बसून बघत होते. एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर दुकानात दोरा भरून घेतला नाही, घेणारही नाही. सगळेच दुकानदार सैल भरतात असं माझं म्हणणं नाही. तुमचा भरत असेल घट्ट, तर चांगलंच. पण तो ताण देतो की नाही, हे उभं राहून कधी पाहिलंय का तुम्ही?

पेन्सिलीवर मी वाद घालणार नाही. फिरकी पेन्सिलीत अडकवा नाहीतर जमिनीवर आडवी ठेवा. दहा-पंधरा वेढे झाले की थांबून दोरा ढिला सोडा, आणि गोल वळसे पडत असतील तर पद्धत बदला. लेखात हे लिहिलेलं आहे. तिथवर वाचलं असतंत तर दिसलं असतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, रबराची दुरुस्तीही तुमचा उल्लेख करून टाकली आहे. पुढच्या वेळी चूक सापडली तर जरूर लिहा. फक्त 'ताई' म्हणायचं असेल तर ताईशी बोलतात तसं बोला.