पीएचपीला सर्वर लागतोच असं नाही

‘अपाचे नसेल तर पीएचपीचं पान चालतच नाही. आधी सर्वरचं पूर्ण पॅकेज टाका, मग शिकायला बसा.’ कॉलेजं सुरू झाली की हा मेसेज नागपुरातल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतो. पीएचपी म्हणजे वेबपानं तयार करणारी प्रोग्रॅमिंग भाषा, आणि अपाचे म्हणजे ती पानं ब्राउझरला पुरवणारा सर्वर. मी शहरातल्या नंदनवन भागात क्लास घेतो. दोन जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असलेली पोरं या एका वाक्यापायी हिंमत सोडतात, याचा मला राग येतो. मेसेजमध्ये तीन कारणं दिली आहेत, तिन्ही तपासू.

पहिलं: ‘पीएचपी अपाचेच्या आतच चालतं.’ कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम स्वतंत्र आहे. सर्वर ब्राउझरची मागणी घेतो, ती त्या प्रोग्रॅमला देतो आणि आलेला मजकूर परत पोचवतो. कमांड लाइनवर, म्हणजे काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून, चालणारं पीएचपी तर २००२ साली आलेल्या ४.३ आवृत्तीपासून सोबतच मिळतं.

मागच्या उन्हाळ्यात एक विद्यार्थिनी कळमना बाजारातल्या संत्र्यांचे भाव दाखवणारं पान घेऊन आली. ‘सर, लॅबमध्ये नुसतं पांढरं पान येऊन राहिलं, काहीच दिसून नाही राहिलं.’ लॅबच्या सर्वरवर चुका दाखवणं बंद होतं. मी तिला काळ्या खिडकीत पीएचपी, स्पेस आणि फाइलचं नाव एवढंच टाइप करायला लावलं. उत्तर आलं: पार्स एरर, म्हणजे कोड लिहिण्यातली चूक, ओळ १८. अर्धविराम १७ व्या ओळीच्या शेवटी सुटला होता. तो टाकला आणि सगळा तक्ता एचटीएमएलच्या टॅगांसकट स्क्रीनवर उतरला. दोन दिवस अडलेलं काम दोन मिनिटांत झालं, आणि चूक कुठे शोधायची हे तिला कायमचं कळलं.

दुसरं: ‘सर्वर नसेल तर पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढची माहिती पानाला मिळत नाही.’ साध्या कमांड लाइन पीएचपीत ती आपोआप पत्त्यातली माहिती ठेवणाऱ्या यादीत, म्हणजे गेट अ‍ॅरेत येत नाही, हे खरं. फाइलच्या नावापुढे लिहिलेलं तिथे आर्गव्ही नावाच्या अ‍ॅरेत येतं; तेवढं वाचून घेतलं की काम होतं. कोडला हातही लावायचा नसेल तर पीएचपी-सीजीआय, म्हणजे सर्वरशी बोलण्यासाठी बनवलेलं पीएचपीचं दुसरं रूप, वापरा. त्याला फाइलचं नाव देऊन पुढे ‘फळ बरोबर संत्रा’ अशी जोडी लिहिली, की ती थेट गेटमध्ये जाते. आधी हेडर, म्हणजे पानाची माहिती देणाऱ्या कंटेंट-टाइपसारख्या ओळी, छापले जातात, मग एक रिकामी ओळ, मग पान. सर्वरला नेमकं काय मिळतं ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. पोरांना मी हे मुद्दाम दाखवतो.

तिसरं: ‘ब्राउझरमध्ये दिसणार नाही, मग उपयोग काय?’ आउटपुट ‘मोठं आहे’ या चिन्हानं एचटीएमएल फाइलमध्ये वळवा आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा, दिसेल. दिवसातून एकदाच बदलणाऱ्या भावांसाठी तर हीच रीत बरी. शिवाय वेबवर पीएचपीला मूळ सेटिंगमध्ये ३० सेकंदांची मर्यादा असते, कमांड लाइनवर ती नसते. वर्षभराचे भाव एका दमात वाचायचे असतील तर हा फरक फार मोठा आहे.

आता मेसेजमधलं खरं तेही सांगतो. कुकी, सेशन, लॉगिन, दुसऱ्या पानावर पाठवणं हे सगळं ब्राउझर आणि सर्वर यांच्या बोलण्यावर चालतं. कमांड लाइनवर हेडर कुठेच जात नाही, म्हणून लॉगिनचं पान तिथे नीट तपासता येणार नाही. पण त्यासाठीही अपाचे लागत नाही. २०१२ च्या ५.४ आवृत्तीपासून पीएचपीतच छोटा सर्वर आहे. डॅश, मोठा एस, पुढे लोकलहोस्ट (म्हणजे आपलाच कॉम्प्युटर) आणि पोर्टचा नंबर लिहिला की तो सुरू होतो. तो फक्त शिकण्यासाठी आणि तपासणीसाठी आहे. खरी साइट त्यावर लोकांसाठी उघडू नका, पीएचपीच्या मॅन्युअलमध्येही तसंच बजावलं आहे. अपाचेच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधले नियम तपासायचे असतील तर मात्र अपाचेच टाका.

त्या पोरीनं अपाचे अजून टाकलेलं नाही. बाजारातून वडील भाव कळवतात, ती ते फाइलमध्ये भरते, एक कमांड देते आणि तयार झालेलं पान त्यांच्या मोबाइलवर पाठवते.