गरोदरपणातील कांजिण्यांबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

'गरोदरपणी कांजिण्या आल्या तर बाळ व्यंग घेऊनच जन्मतं, गर्भ काढावाच लागतो. आणि अंगावर आलेलं औषधाने दाबू नये' असा मेसेज दोन दिवसांपासून ग्रुपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिल्या 20 आठवड्यांत कांजिण्या झाल्या तरी बाळावर गंभीर परिणाम होण्याची शक्यता शंभरात एक-दोनच्या आसपास असते. पुढे ती फारच कमी होते. नुसत्या कांजिण्या झाल्या म्हणून गर्भपात करा, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका सांगत नाही. सोनोग्राफी करून बाळावर लक्ष ठेवतात.

खरी काळजी आईची. गरोदर बाईला कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो. धाप, छातीत दुखणं, सतत उलट्या, पुरळातून रक्त दिसलं तर थेट दवाखाना. पुरळ उठल्यापासून 24 तासांत डॉक्टर असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करू शकतात, म्हणून 'दाबू नये' म्हणत थांबणं महागात पडतं. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायचा तर ठेवा, पण फोन आधी करा. आणि तपासणीला जाताना आधी कळवून जा, बाहेर इतर गरोदर बायका बसलेल्या असतात.

लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या असतील तर बहुधा भीती नाही. नसतील आणि घरात कुणाला आल्या, तर पुरळाची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. संपर्कानंतर 10 दिवसांच्या आत देता येणारं इंजेक्शन असतं. कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात देत नाहीत.

प्रसूतीच्या आसपास पुरळ आलं तर बाळाच्या डॉक्टरांनाही लगेच कळवा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा टाका.